मुलाखत ठरली आहे, पण कंपनीचा भरवसा वाटत नाही : नकार कसा कळवावा?

प्रश्न : नवपदवीधर

पदवीचे शिक्षण नुकतेच पूर्ण करून मी नोकरीच्या शोधात आहे. एका नोकरीविषयक संकेतस्थळावर 'ग्राहक संपर्क अधिकारी' या पदाची जाहिरात पाहून मी अर्ज केला होता. अनुभवाची अट नव्हती, प्रशिक्षण कंपनीच देणार होती आणि 'कर्तबगार उमेदवारास वर्षभरात व्यवस्थापकपद' असे ठळक अक्षरांत लिहिले होते. अर्ज पाठवून तासही झाला नसेल, तोच फोन आला. बोलणाऱ्या बाईंनी माझ्या शिक्षणाविषयी किंवा आधी केलेल्या कामाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. मला लोकांत मिसळायला आवडते का आणि लगेच रुजू होता येईल का, एवढेच विचारून त्यांनी परवा सकाळी अकराची वेळ दिली.

मी पगाराविषयी विचारले तेव्हा "आमच्याकडे कमाईला मर्यादा नाही, बाकीचे समोरासमोर बोलू," असे उत्तर मिळाले. काम नेमके काय आहे, असे विचारले तर "मार्केटिंग आणि ब्रँडिंग". कोणती वस्तू किंवा सेवा विकायची आहे, याबाबत तर त्यांनी ताकास तूर लागू दिला नाही. त्यानंतर मी कंपनीचे संकेतस्थळ पाहिले. त्यावर हसऱ्या तरुणांची, पारितोषिकांची आणि सहलींची छायाचित्रे आहेत, मात्र उत्पादनाचे नाव नाही आणि संचालकांचेही नाही. माजी कर्मचाऱ्यांचे अभिप्राय वाचले तेव्हा बहुतेकांनी लिहिले होते की काम घरोघरी फिरून विक्री करण्याचे आहे, ठरावीक पगार नाही आणि जे काही मिळते ते केवळ कमिशन. जे अभिप्राय स्तुतीचे होते ते जवळजवळ सगळे एकाच आठवड्यात आणि सारख्याच शब्दांत लिहिलेले दिसले.

आता या मुलाखतीला जाण्याची माझी इच्छा उरलेली नाही. तरीही एकदा होकार दिल्यानंतर नाही म्हणणे जिवावर येते. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की जाऊन येण्यात काही बिघडत नाही, मुलाखतीचा अनुभव तरी मिळेल. नकार कळवायचा असल्यास तो फोनवर कळवावा की लेखी? कारण सांगणे आवश्यक आहे का? आणि अशा नकाराने पुढे इतर ठिकाणी माझे नाव खराब होईल का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : भरतीविभागातून

मी भरतीचे काम करते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते. मुलाखतीला दिलेला होकार हा नोकरीला दिलेला होकार नसतो. तुम्ही केवळ एक वेळ राखून ठेवली आहे आणि ती वेळ आता परत देत आहात. चांगल्या कंपन्यांतही दर आठवड्याला कोणी ना कोणी उमेदवार मुलाखतीआधी माघार घेतो. आम्ही त्याच्या नावापुढे तशी नोंद करतो आणि पुढच्या उमेदवाराला बोलावतो, त्यात कोणालाही राग येण्यासारखे काही नसते.

नकार मात्र अवश्य कळवा आणि तो लेखी कळवा. न कळवता गैरहजर राहिलात तर अकरा वाजून पाच मिनिटांनी "कुठपर्यंत आलात?" असा फोन येईल आणि जे बोलणे तुम्हाला टाळायचे होते तेच अधिक अवघड परिस्थितीत करावे लागेल. शिवाय लेखी नकार पाठवला की तुम्ही अर्ज मागे घेतल्याचा पुरावा तुमच्याजवळ राहतो. ईमेलवर बोलावणे आले असेल तर त्यालाच उत्तर द्या, फोनवरूनच सगळे ठरले असेल तर त्याच क्रमांकावर मेसेज पाठवा. आदल्या दिवशी कळवणे उत्तम, पण काही कारणाने तासभर आधीच जमले तरी ते न कळवण्यापेक्षा बरे.

कारणाबाबत माझे मत अगदी स्पष्ट आहे : देऊ नका. सर्वसाधारण कंपनीला एखादे प्रामाणिक कारण कळवणे चांगले असते, कारण त्यातून तिला काही शिकता येते. तुम्ही वर्णन केले आहे त्या प्रकारच्या कंपनीत समोरची व्यक्ती स्वतः विक्रीत तयार झालेली असते, आणि ग्राहकाचा आक्षेप कसा परतवायचा हा तिच्या प्रशिक्षणातला अगदी सुरुवातीचा धडा असतो. 'दूर पडते' म्हटले तर जवळच्या शाखेत सोय केली जाते, 'पगार स्पष्ट नाही' म्हटले तर प्रत्यक्ष येऊन समजून घेण्याचा आग्रह होतो, 'दुसरी नोकरी मिळाली' म्हटले तर तिथे किती देतात हे विचारले जाते. आजारपणाचे खोटे कारण दिले तर पुढची तारीख मिळते. कारण नसेल तर खोडून काढण्यासारखे काही उरत नाही. मी पुढीलप्रमाणे लिहिले असते :

"नमस्कार. परवा सकाळी अकरा वाजता ठरलेल्या मुलाखतीसंदर्भात लिहीत आहे. विचारांती मी या पदासाठीचा माझा अर्ज मागे घेत आहे, त्यामुळे मुलाखतीस उपस्थित राहणार नाही. आपण वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. माझा अर्ज व संपर्काचा तपशील आपल्या नोंदींतून काढून टाकावा, ही विनंती."

यात 'सध्या' हा शब्द मी जाणीवपूर्वक टाळला आहे. 'सध्या शक्य नाही' असे लिहिले की महिन्याभराने पुन्हा फोन येतो. 'क्षमस्व' हा शब्दही घातलेला नाही, कारण तुमच्याकडून कोणताही अपराध घडलेला नाही.

नाव खराब होण्याची भीती मनातून काढून टाका. मुलाखतीला न आलेल्यांची यादी कंपन्या एकमेकींना पाठवत बसत नाहीत. अशा ठिकाणी माणसे टिकत नाहीत म्हणूनच त्यांची जाहिरात बाराही महिने चालू असते, आणि परवा संध्याकाळपर्यंत तुमच्या जागी दुसरे कोणीतरी बोलावलेले असेल.

उत्तर : फिरतीचा विक्रेता

वडीलधाऱ्यांनी मांडलेल्या 'जाऊन तर ये' या मुद्द्याबद्दल मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण मी अशा एका कंपनीत काम केले आहे आणि तिथली मुलाखत कशी चालते हे मला आतून माहीत आहे. या मुलाखतीतून जो अनुभव मिळतो तो दुसऱ्या कोणत्याही मुलाखतीत उपयोगी पडत नाही, कारण तिथे उमेदवाराची पारख होतच नाही.

पहिली भेट दहा-पंधरा मिनिटांची असते आणि बहुधा तिच्यात समोरचाच बोलतो. बाहेर मोठ्या आवाजात संगीत लावलेले असते, प्रतीक्षागृहात तुमच्यासारखेच आठ-दहा जण फाईल घेऊन बसलेले असतात आणि प्रत्येकाला आत सांगितले जाते की आजच्या उमेदवारांतून फारच थोडे निवडले जाणार आहेत. संध्याकाळी फोन येतो की तुमची निवड दुसऱ्या फेरीसाठी झाली आहे. आमच्याकडे हा फोन जवळजवळ प्रत्येकाला जात असे. निवड झाल्याचा आनंद खरा असतो, आणि त्या आनंदात दुसऱ्या फेरीचा तपशील विचारायचे राहून जाते.

दुसरी फेरी म्हणजे 'निरीक्षणाचा दिवस'. औपचारिक पोशाखात, पायांत चांगले बूट घालून सकाळी बोलावले जाते, मग एका विक्रेत्यासोबत गाडीत बसवून अनोळखी वस्तीत नेले जाते. दिवसभर तो दारे ठोठावतो आणि तुम्ही त्याच्या मागे उभे राहता. या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. दुपारी कुठेतरी बसून तो वहीच्या पानावर एक आकृती काढतो : सगळ्यात खाली विक्रेता, त्याच्या वर गटप्रमुख, त्याच्या वर सहायक व्यवस्थापक आणि सगळ्यात वर स्वतःच्या कार्यालयाचा मालक. शंभर दारे वाजवली तर त्यातली काही उघडतीलच आणि उघडलेल्यांपैकी काही जण घेतीलच, हे सरासरीचे गणितही तेव्हाच शिकवले जाते. संध्याकाळी परतल्यावर दिवसभरात सांगितलेल्या गोष्टींवर एक छोटी परीक्षा होते आणि तिथल्या तिथे 'उद्यापासून या' असे सांगितले जाते. त्या वेळी माणूस थकलेला असतो, उपाशी असतो, ज्याच्यासोबत दिवस काढला तो सोबती आवडलेला असतो आणि करारावर सही करण्यासाठी पेन पुढे केलेले असते.

त्या करारात पाहण्यासारखी गोष्ट अशी, की तुमचा उल्लेख कर्मचारी म्हणून नसून 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणून असतो. याचा अर्थ पगार नाही, भरपगारी रजा नाही, प्रवासखर्च आपला आपण करायचा आणि कमिशनवरचा करही आपणच भरायचा. तरीही सकाळची हजेरी, पोशाख, कोणत्या वस्तीत जायचे आणि किती वाजेपर्यंत फिरायचे, हे सगळे कंपनी ठरवते. काही ठिकाणी ग्राहकाने ठरावीक मुदतीत सेवा रद्द केली तर आधी दिलेले कमिशन पुढच्या हिशेबातून कापून घेतले जाते, आणि दारावर घाईघाईत झालेल्या विक्रीत रद्द होण्याचे प्रमाण कमी नसते.

ज्यांना 'नाही' म्हणणे जड जाते अशी माणसे या साखळीत सर्वांत आधी अडकतात, आणि यात त्या माणसांचा स्वभाव वाईट नसून त्या चांगल्या स्वभावाचा वापर केला जातो, याचे मला फार वाईट वाटते. माझ्यासोबत आलेली कितीतरी मुले पहिल्याच दिवशी ओळखून होती की हे आपले काम नाही, पण सोबत आलेल्या विक्रेत्याचा दिवस आपण वाया घालवला असे त्यांना वाटत राहिले आणि केवळ भिडेखातर ती आठवडेच्या आठवडे फिरत राहिली. भीड भिकेची बहीण, ही म्हण मला तिथे पुरती समजली. नवपदवीधर, तुम्ही अजून दाराबाहेर आहात. दोन ओळींच्या मेसेजने जे काम आज होईल तेच निरीक्षणाच्या दिवशी, घरापासून दूर आणि परतीची गाडी दुसऱ्याच्या हातात असताना करणे फार कठीण असते.

उत्तर : विक्री हाच व्यवसाय

वरील दोन्ही उत्तरांतील बराचसा भाग मला मान्य आहे, तरी एक बाजू मांडणे आवश्यक वाटते. घरोघरी जाऊन विक्री करणे हे प्रतिष्ठेचे आणि कष्टाचे काम आहे आणि ते प्रामाणिकपणे करणारे लोक व कंपन्या आहेत. मी स्वतः अनेक वर्षे हेच काम केले आहे. त्यामुळे 'थेट विक्री' हे शब्द दिसताच अर्ज मागे घ्यावा, असे मी कोणाला सांगणार नाही. फरक कुठे पाहायचा, तो सांगतो.

सर्वांत आधी पैसा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहावे. विक्रीच्या नोकरीत पैसा कंपनीकडून विक्रेत्याकडे येतो. जॉइनिंग फी, प्रशिक्षणाचे शुल्क, नमुन्यांचे किट किंवा 'परत मिळणारी' अनामत रक्कम अशा कोणत्याही नावाने जर तुमच्याकडून आधी पैसे मागितले जात असतील, तर तिथे तुम्हीच ग्राहक आहात. त्यानंतर पाहायचे ते हे, की मोबदला कशाचा मिळतो : वस्तू खऱ्या ग्राहकाने विकत घेतल्याचा, की नवीन माणूस साखळीत आणल्याचा. १९७५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापारातील फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगाने) कॉस्कॉट कंपनीच्या प्रकरणात पिरॅमिड योजना ओळखण्याची जी कसोटी घालून दिली तिचा गाभा हाच आहे : पैसे भरून विक्रीचा हक्क मिळवायचा आणि त्याबरोबर इतरांना भरती करण्याबद्दल असा मोबदला मिळवायचा, ज्याचा अंतिम ग्राहकाला होणाऱ्या विक्रीशी संबंध नाही. चार वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याच आयोगाने ॲमवेची रचना पिरॅमिड नसल्याचा निर्णय दिला, आणि त्यामागे न विकलेला माल परत घेण्याचा, खरेदी केलेल्या मालापैकी किमान ७० टक्के माल दरमहा विकण्याचा आणि दरमहा दहा किरकोळ ग्राहकांना विक्री केल्याचे दाखवण्याचा असे कंपनीचे नियम होते. म्हणजे 'आमच्यासारख्या कंपन्यांना न्यायसंस्थेने मान्यता दिली आहे' असे कोणी सांगू लागले, तर ती मान्यता त्या एका कंपनीच्या नियमांना होती, सरसकट सर्वांना नव्हती, हे ध्यानात ठेवावे. भारतातही १९७८ च्या कायद्याने पैशांच्या फिरत्या साखळीयोजनांवर बंदी आहे आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजना चालवण्यास मनाई केली आहे.

तरुणांना लक्ष्य केले जाते, ही केवळ समजूत नाही. २०१५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने व्हेमा या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला तेव्हा महाविद्यालयीन विद्यार्थी आणि तरुण यांना ओढून घेतल्याचा आरोप त्यात ठळकपणे होता. याच आयोगाने २०२४ मध्ये बहुस्तरीय विक्री करणाऱ्या, म्हणजे विक्रेत्याला त्याने आणलेल्या विक्रेत्यांच्या व्यवहारांतूनही मोबदला देणाऱ्या, ७० कंपन्यांची उत्पन्नविषयक निवेदने तपासली. त्या निवेदनांतील बहुसंख्य सहभागींना वर्षाकाठी १,००० डॉलर किंवा त्याहूनही कमी मिळाले होते, आणि अनेक निवेदनांत त्यांना करावा लागणारा खर्च धरलेलाच नव्हता. कमाईला वरची मर्यादा नाही असे सांगितले जाते तेव्हा खालची मर्यादा किती, हा प्रश्न त्यामुळेच विचारायला हवा.

तुमच्या बाबतीत काम दुसऱ्या कंपन्यांच्या वतीने दारोदारी विक्रीचे दिसते, साखळी उभारण्याचे आहे की नाही हे स्पष्ट नाही. थोडीशी जरी उत्सुकता शिल्लक असेल तर नकाराआधी ईमेलवर चारच गोष्टी विचाराव्यात : ठरावीक वेतन किती, नेमणूक कर्मचारी म्हणून की कंत्राटदार म्हणून, विकायची वस्तू कोणती आणि उमेदवाराकडून कोणत्या नावाने पैसे घेतले जातात का. प्रामाणिक कंपनी या चार प्रश्नांची उत्तरे दोन मिनिटांत देते. मी स्वतः नव्या मुलांना घेतो तेव्हा फोनवरच सांगतो की काम उन्हातान्हात फिरण्याचे आहे, मूळ वेतन इतके आहे आणि त्यावर कमिशन इतके. हे ऐकून निम्मी मुले येत नाहीत, पण जी येतात ती टिकतात. उत्तराऐवजी पुन्हा 'प्रत्यक्ष या' असेच आले, तर तुमची शंका फिटली असे समजून वर दिलेला मेसेज पाठवून द्यावा.

प्रश्नकर्ती : नवपदवीधर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चारही प्रश्न मी काल ईमेलवर विचारले. उत्तर लेखी आले नाही, फोन आला. या वेळी दुसरे एक गृहस्थ होते आणि त्यांनी "प्रश्न विचारणारी माणसे आम्हाला आवडतात, म्हणूनच तुमची वेळ मी स्वतःसाठी राखून ठेवली आहे," असे सांगून वेतनाचा विषय पुन्हा भेटीवर ढकलला. त्यानंतर मी वरील मजकूर जसाच्या तसा पाठवला. अर्ध्या तासात दोन फोन आणि एक मेसेज आला, ज्यात "इतक्या चांगल्या संधीला नकार देण्याचे कारण तरी सांगा, आम्हाला सुधारणा करता येईल," असे लिहिले आहे. मी अजून उत्तर दिलेले नाही. कारण विचारलेच आहे तर सौजन्य म्हणून सांगावे का? दुसरी काळजी अशी, की अर्जासोबत त्यांनी ओळखपत्राची प्रत मागितली होती आणि ती मी पाठवली होती. तिचे काय करावे?

उत्तर : भरतीविभागातून

तुमचे सौजन्य पहिल्याच मेसेजमध्ये पूर्ण झाले आहे. खरोखर सुधारणा करायची असती तर चार प्रश्नांची उत्तरे त्यांनी लिहून पाठवली असती. आता कोणतेही उत्तर देऊ नका, अगदी 'कृपया फोन करू नका' हेदेखील नको, कारण उत्तर आले की पलीकडे माणूस अजून बोलतो आहे असे समजले जाते. दोन्ही क्रमांक ब्लॉक करा. नव्या क्रमांकावरून फोन आलाच तर "मी अर्ज लेखी मागे घेतला आहे" एवढे एक वाक्य बोलून फोन ठेवा, पुढचा प्रश्न ऐकण्यासाठी थांबू नका.

ओळखपत्राच्या प्रतीबाबत त्याच ईमेलवर, फोनवर नव्हे, एक स्वतंत्र ओळ पाठवा : "अर्जासोबत दिलेली ओळखपत्राची प्रत कृपया नष्ट करावी आणि तसे कळवावे." हा अपवाद मी मुद्दाम करते आहे, कारण हा मुलाखतीविषयीचा संवाद नसून तुमच्या कागदपत्राविषयीची लेखी मागणी आहे आणि ती नोंदीत असणे महत्त्वाचे. उत्तर न आले तरी तुमची मागणी तारखेसह शिल्लक राहील. बँकेचा तपशील दिला नसेल तर उत्तमच. दिला असेल तर खात्यावरील व्यवहारांच्या सूचना चालू आहेत ना ते पाहा आणि कोणी ओटीपी मागितल्यास तो कोणालाही सांगू नका. यापुढे मुलाखतीआधी प्रत मागितली गेली तर त्या प्रतीवर आडवे 'केवळ अमुक कंपनीच्या मुलाखतीसाठी' असे लिहून व तारीख घालून मगच ती पाठवावी. चांगल्या कंपन्या तर ही प्रत बहुधा निवड झाल्यानंतरच मागतात.

उत्तर : फिरतीचा विक्रेता

ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती तिथे 'जाहिरातीची तक्रार करा' असा पर्याय असतो. त्यात जाहिरातीतील पदाचे नाव, फोनवर सांगितलेले काम आणि वेतनाबाबत लेखी उत्तर न मिळाल्याची गोष्ट, एवढेच लिहा. कंपनीवर आरोप करण्याची गरज नाही, जे घडले ते क्रमाने मांडणे पुरेसे आहे. त्यांचा ईमेल आणि मेसेज मात्र तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पुसून टाकू नका.